व्होल्गाकाठी शिक्षक घडवणाऱ्या शाळा : सात दिवसांचा प्रवास

पहिला दिवस, रविवार, १९ एप्रिल : कझान

तिख्विन चर्चमधील सकाळची उपासना सुरू झाली आणि माझी भाची हळूच म्हणाली, "मामा, हे रशियन नाही. मला यातला एक शब्दही कळत नाही." ती चार वर्षांपासून रशियातल्या कझानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे आणि तिचे रशियन चांगले आहे. समोरची उपासना ऑर्थोडॉक्स परंपरेतलीच होती. मूर्तिपट, मेणबत्त्या, धूप, डोक्याला रुमाल बांधलेल्या स्त्रिया, सारे तसेच. भाषा मात्र तातार, म्हणजे येथील बहुतांशी मुसलमान असलेल्या समाजाची, होती. गाणाऱ्यांच्या तोंडून वरचेवर येणारा 'खोदाय' हा एक शब्द मला ओळखू आला, कारण फारसीतून निघालेला हाच शब्द 'खुदा' होऊन आपल्याकडेही रुळलेला आहे. ईस्टरला आठवडाच झालेला असल्यामुळे लोक एकमेकांना अजून सणाच्या शुभेच्छा देत होते, आणि बाहेर पडल्यावर एका आजींनी आम्हा दोघांच्या हातावर एकेक रंगवलेले अंडे ठेवले.

हे चर्च जुन्या तातार वस्तीत आहे आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर मशिदी आहेत. उपासनेला येणाऱ्या या समाजाला 'क्र्याशेन' म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले तातार म्हणतात. १५५२ साली रशियाचा झार चौथा इव्हान याने कझान जिंकल्यानंतर आणि पुढे अठराव्या शतकात पुन्हा एकदा, येथील काही तातार ख्रिस्ती झाले किंवा केले गेले. त्यांची नोंद चर्चच्या वहीत झाली, पण उपासनेची जुनी स्लाव्ह भाषा त्यांना कळत नव्हती आणि गावात शाळा असलीच तर ती मशिदीजवळची असे. एकोणिसाव्या शतकात त्यांतील गावेच्या गावे इस्लामकडे परत जाऊ लागली आणि १८६६ साली ही लाट फार मोठी झाली. सरकार आणि चर्च दोघेही अस्वस्थ झाले. या अस्वस्थतेतून जी उत्तरे पुढे आली त्यांतले सर्वांत टिकाऊ उत्तर शिक्षक-प्रशिक्षणाचे होते, आणि त्याच्याच मागावर मी येथे आलो आहे.

माझे येथे येण्याचे कारण नंदुरबार जिल्ह्यातले आहे. तेथील एका अध्यापक विद्यालयात मी सव्वीस वर्षे शिकवले. आमचे छात्राध्यापक सराव पाठासाठी धडगावच्या डोंगरातील पाड्यांवर जात. एकदा एका हुशार मुलीचा पाठ पाहायला मी वर्गात मागे बसलो होतो. तिचे पाठ टाचण निर्दोष होते, फलकलेखन सुंदर होते, शैक्षणिक साधने तिने रात्रभर जागून तयार केली होती, आणि तरीही पहिलीची ती मुले पस्तीस मिनिटे तिच्याकडे नुसती बघत राहिली, कारण त्यांची भाषा पावरी होती आणि तिची मराठी. पाठ संपल्यावर ती माझ्यासमोर रडली. मी तिला गुण चांगले दिले, पण तिचे काय चुकले हे मला सांगता आले नाही, कारण तिचे काहीच चुकले नव्हते. जे चुकले होते ते आमच्या अभ्यासक्रमात होते. तेव्हापासून अनेक भाषांच्या प्रदेशात शिक्षक कसे घडवले गेले याचा इतिहास मी मिळेल तसा वाचत आलो, आणि त्या वाचनात कझानचे नाव पुन्हा पुन्हा भेटत गेले.

दुसरा दिवस, सोमवार, २० एप्रिल : कझान

आर्स्कोये दफनभूमी शहराच्या मध्यभागापासून ट्रामच्या अंतरावर आहे. झाडांना अजून पालवी फुटायची होती, सावलीत बर्फाचे काळपट ढिगारे उरले होते आणि पायवाटा चिखलाने भरलेल्या होत्या. येथे निकोलाय इल्मिन्स्की यांची कबर आहे. ती शोधायला आम्हाला बराच वेळ लागला.

१८२२ साली पेन्झा येथे जन्मलेले इल्मिन्स्की कझानच्या धर्मशास्त्र अकादमीत शिकले आणि तेथेच तातार व अरबी शिकवू लागले. अरबी पक्की करण्यासाठी ते १८५१ ते १८५३ या काळात कैरोला जाऊन राहिले आणि पुढे काही वर्षे ओरेनबुर्गच्या सीमेवर कझाख भाषेचा अभ्यास करीत होते. ख्रिस्ती तातारांसाठी धार्मिक पुस्तके तातार भाषेत आणण्याचे काम आरंभी अरबी लिपीत आणि ग्रांथिक तातार भाषेत होत होते. ती भाषा अरबी-फारसी शब्दांनी जड झालेली होती आणि खेड्यातल्या माणसाला ती जवळपास परकीच होती. इल्मिन्स्कींनी हा मार्ग सोडला. वासिली तिमोफेयेव्ह नावाच्या एका क्र्याशेन शेतकऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी वाक्य न वाक्य त्याच्या तोंडच्या भाषेत घासून घेतले, ते रशियन लिपीत लिहिले आणि १८६२ साली त्यातून एक छोटे प्राथमिक वाचन-पुस्तक काढले. १८६४ साली तिमोफेयेव्ह ज्यात शिकवत ती शाळा रीतसर सुरू झाली आणि 'केंद्रीय बाप्तिस्मित-तातार शाळा' या नावाने ओळखली जाऊ लागली. या शाळेतून बाहेर पडलेली तरुण मुले स्वतःच्या गावी जाऊन शिकवू लागली. शिक्षक-प्रशिक्षणाचे बी येथे पडले असे मी मानतो, आणि ते विद्यापीठातल्या प्राध्यापकाने एका शेतकऱ्यासमोर विद्यार्थी होऊन बसण्यातून पडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सरकारने ही पद्धत २६ मार्च १८७० च्या नियमांनी उचलून धरली. साम्राज्यातील बिगर-रशियन प्रजेला तेव्हा 'इनोरोदत्सी' म्हणत, म्हणजे शब्दशः परकुळीचे लोक. या लोकांच्या शिक्षणाचे अंतिम ध्येय त्यांना रशियन करणे आणि रशियन जनतेत विलीन करणे हे आहे, असे हे नियम उघडपणे सांगतात. त्याच नियमांनी ख्रिस्ती परकुळीयांच्या शाळांत आरंभीचे शिक्षण मातृभाषेत असावे, रशियन हळूहळू आणावी, आणि शिक्षक त्याच समाजातला असावा किंवा रशियन असल्यास त्याला त्या समाजाची भाषा यावी, असेही ठरवले. एकाच कागदावर लिहिलेल्या या दोन गोष्टी पुढची पन्नास वर्षे एकमेकींशी झगडत राहिल्या. पुढच्या पाचही दिवसांत मी जे जे पाहिले त्याच्या मुळाशी हाच झगडा होता.

असे शिक्षक तयार करण्यासाठी १८७२ साली कझान शिक्षक सेमिनरी, म्हणजे अध्यापक विद्यालय, उघडली गेली आणि इल्मिन्स्की तिचे संचालक झाले. १८९१ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. रशियन आणि व्होल्गा परिसरातल्या चुवाश, मारी, उद्मुर्त, मोर्द्वा व क्र्याशेन या समाजांतली मुले येथे एका छपराखाली राहत आणि शिकत. सेमिनरीला जोडून निरनिराळ्या भाषांच्या लहान मुलांच्या प्राथमिक शाळा होत्या. म्हणजे मारी छात्राध्यापक आपला सराव पाठ मारी मुलांसमोर घेई, चुवाश छात्राध्यापक चुवाश मुलांसमोर. प्रशिक्षण संस्थेला सराव शाळा जोडलेली असावी हे आपण सगळेच पुस्तकात शिकलो; पण प्रत्येक भाषेची सराव शाळा वेगळी असावी हा विचार माझ्या पाहण्यात दुसरीकडे कुठे आलेला नाही. संगीतालाही अभ्यासक्रमात मोठे स्थान होते, कारण गाव शाळेशी जोडले जाण्याचा सोपा रस्ता गाण्यातून जातो हे इल्मिन्स्कींना ठाऊक होते.

या कबरीसमोर उभे असताना माझ्या मनात निखळ आदर होता असे मी म्हणणार नाही. इल्मिन्स्की धर्मप्रचारक होते. मातृभाषा त्यांना हवी होती ती ख्रिस्ती धर्म मनात रुजावा म्हणून, आणि रशियन लिपी हवी होती ती तातार मुसलमानांच्या विद्येपासून या लहान समाजांना दूर ठेवता यावे म्हणून. मुसलमान तातारांच्या जागृतीकडे ते धोका म्हणून पाहत आणि पीटर्सबर्गमधील बड्या अधिकाऱ्यांना तसे लिहीत. ही बाजू झाकून त्यांची थोरवी गाणे चुकीचे होईल. पण याच सेमिनरीत शिकत असताना, १९०५ साली, सेर्गेय चवाइन नावाच्या सतरा वर्षांच्या मारी मुलाने आपल्या भाषेत देवराईवर एक कविता लिहिली आणि मारी साहित्य तेथून सुरू झाले असे मारी लोक मानतात. देवराई म्हणजे त्यांच्या ख्रिस्तपूर्व धर्माचे पूजास्थान. ख्रिस्ती शिक्षक घडवण्यासाठी काढलेल्या संस्थेत मुलाला त्याची भाषा लिहायला शिकवली, आणि त्याने त्या भाषेत सर्वप्रथम आपल्या आजोबा-पणजोबांची झाडे लिहिली. हाच चवाइन पुढे शिक्षक, लेखक आणि नाटककार झाला आणि १९३७ सालच्या दडपशाहीत गोळ्या घालून मारला गेला.

तिसरा दिवस, मंगळवार, २१ एप्रिल : कझान, कबान तळ्याच्या काठी

सकाळी कबान तळ्याच्या काठाने चालत मर्जानी मशिदीकडे गेलो. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या परवानगीने १७६६ ते १७७० या काळात बांधलेली ही मशीद बाहेरून पाहिली तर एखाद्या रशियन प्रासादासारखी वाटते. मिनार छताच्या मधोमध उभा आहे. एकोणिसाव्या शतकात शिहाबुद्दीन मर्जानी या थोर विद्वानाने अनेक वर्षे येथे इमामपद सांभाळले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले.

मुसलमान तातारांच्या बाबतीत साम्राज्याचा हिशेब वेगळा होता. ख्रिस्ती चुवाश किंवा मारी यांना मातृभाषेतून शिक्षक मिळावेत आणि मुसलमानांना रशियन शिकवणारे शिक्षक मिळावेत, असे धोरण होते. त्यासाठी १८७६ साली कझान तातार शिक्षक शाळा सुरू झाली. तुर्की भाषाकुळाचे प्रसिद्ध पंडित वासिली राद्लोव्ह तेव्हा कझान शिक्षण विभागात तातार, बाश्कीर आणि कझाख शाळांचे निरीक्षक होते आणि शाळा उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे धर्मांतराचे आणखी एक साधन आहे असा संशय लोकांच्या मनात होता, आणि आजूबाजूला जे चालले होते ते पाहता तो निराधार म्हणता येत नाही. अशा वेळी मर्जानींनी तेथे धर्मशिक्षण देण्याची जबाबदारी स्वीकारली आणि १८८४ पर्यंत ती निभावली. आपल्या समाजाचे टोमणे सोसून त्यांनी हे केले. रशियन शिकल्याने मुसलमान मुसलमानच राहतो, अडाणी मात्र राहत नाही, असे त्यांचे मत होते.

तेथून जवळच कयूम नासिरी यांच्या नावाचे लहानसे संग्रहालय आहे. नासिरी हे माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतले सर्वांत एकाकी शिक्षक. ते अनेक वर्षे कझानच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत तातार भाषा शिकवत होते, म्हणून त्यांचे जातभाई त्यांना 'रशियन कयूम' म्हणून हिणवत. त्यांनी तातार मुलांना रशियन शिकवण्यासाठी शाळा चालवली, तातार भाषेत अंकगणित, भूगोल, व्याकरण अशा विषयांवर पुस्तके लिहिली आणि १८७१ पासून ते तातार भाषेत पंचांगवजा कॅलेंडर छापू लागले. या कॅलेंडरात तारखांबरोबर माहितीचे लेख, म्हणी आणि लोककथा असत. सरकारने तातार वर्तमानपत्राला परवानगी दिली नाही, त्यामुळे वर्तमानपत्राचे काम या कॅलेंडराने केले. एका काचपेटीत त्याची पाने पाहिली. अरबी लिपीतली बारीक छपाई, उजवीकडून डावीकडे धावणारी कोष्टके, आणि समासात कोणीतरी पेन्सिलीने केलेली बेरीज. ती बेरीज कोणत्या घरात, कोणत्या हिशेबासाठी केली असेल याचा मी बराच वेळ विचार करत राहिलो.

त्याच काळात क्रिमियातील बख्चिसराय येथे इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी ध्वनींवर आधारलेली वाचनाची नवी पद्धत १८८४ साली सुरू केली. अक्षरांची नावे घोकण्याऐवजी त्यांचे आवाज शिकवायचे, मुलांना वयाप्रमाणे वर्गांत बसवायचे, बाके आणि फळा वापरायचा, एवढ्या साध्या वाटणाऱ्या बदलांनी रशियातल्या मुसलमान शाळा ढवळून निघाल्या आणि या चळवळीला 'जदीद' म्हणजे नवी हे नाव पडले. मराठी वाचकाला हे वाचून नवल वाटेल की हेच गास्प्रिन्स्की १९१२ साली मुंबईत आले होते आणि आपली पद्धत त्यांनी तेथे दाखवली होती. कझानमध्ये मात्र या चळवळीला माणसे मिळाली ती बऱ्याच अंशी सरकारने काढलेल्या तातार शिक्षक शाळेतून. ड्यूमात म्हणजे रशियन संसदेत निवडून गेलेले सद्री मक्सुदी, पुढे देशाबाहेर राहून अंकारात वारलेले लेखक गयाज इस्खाकी आणि बोल्शेविक पुढारी मिर्सैद सुलतान-गालियेव्ह हे तिघेही याच शाळेचे विद्यार्थी. साम्राज्याशी इमान राखणारे शिक्षक व्हावेत म्हणून त्यांना शिकवले गेले. शिकले ते मनापासून. पण शिकल्यावर आपल्या समाजासाठी काय मागायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

लिपीची पुढची गोष्ट येथेच नोंदवतो. तातार भाषा विसाव्या शतकात अरबी लिपीतून लॅटिन लिपीत आणि १९३९ साली रशियन लिपीत नेली गेली. बारा-पंधरा वर्षांत दोनदा लिपी बदलली म्हणजे आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना. आपल्याकडे मोडी मागे पडली तेव्हा घराघरांतली दप्तरे अशीच मुकी झाली, हे ज्यांनी अनुभवले त्यांना याचे दुःख वेगळे सांगायला नको.

चौथा दिवस, बुधवार, २२ एप्रिल : कझान ते उल्यानोव्स्क

बसने निघालो आणि कझान सोडल्यावर थोड्याच वेळात व्होल्गा ओलांडली. पुढे बुइन्स्कपर्यंत काळीभोर नांगरलेली शेते आणि मधून मधून खेडी. एका गावात मिनार, पुढच्या गावात चर्चचा घुमट, त्याच्या पुढे पुन्हा मिनार. चार-साडेचार तासांनी उल्यानोव्स्कला पोहोचलो.

हे शहर पूर्वीचे सिम्बिर्स्क. आज लेनिनचा जन्मदिवस असल्याने त्याच्या पुतळ्याभोवती फुले होती, पण मला पाहायचे होते ते त्याच्या वडिलांचे काम. इल्या उल्यानोव्ह १८६९ पासून या प्रांतातील प्राथमिक शाळांचे निरीक्षक आणि १८७४ पासून संचालक होते. घोडागाडीने आणि बर्फात स्लेजने महिनोन्महिने खेडोपाडी फिरून त्यांनी शाळा उभ्या केल्या, शिक्षकांसाठी अभ्यासवर्ग चालवले आणि चुवाश, मोर्द्वा व तातार मुलांच्या शाळांकडे खास लक्ष दिले. जानेवारी १८८६ मध्ये काम करता करताच ते वारले. त्यांची कबर एका लहानशा उद्यानात आहे; जुन्या मठाच्या दफनभूमीतली तेवढीच जागा राखली गेली आहे.

संध्याकाळी नदीवरच्या उंच कड्यावर गेलो. धरणामुळे व्होल्गेचे पात्र येथे समुद्रासारखे पसरले आहे.

पाचवा दिवस, गुरुवार, २३ एप्रिल : सिम्बिर्स्कची चुवाश शाळा

या प्रवासातला सर्वांत मोठा दिवस आजचा. स्वियागा नदीच्या बाजूला, गजबजाटापासून जरा दूर, सिम्बिर्स्क चुवाश शाळेच्या जुन्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील एकीत इव्हान याकोव्लेव्ह यांच्या राहत्या घराचे संग्रहालय केलेले आहे.

याकोव्लेव्ह १८४८ साली एका चुवाश खेड्यात जन्मले आणि तान्हेपणीच पोरके झाले. शेजारच्या एका चुवाश शेतकरी कुटुंबाने त्यांना वाढवले. मोजणीदाराची नोकरी करून पैसे साठवले आणि विशी जवळ आली असताना ते सिम्बिर्स्कच्या जिम्नॅशियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळेत, विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८६८ सालच्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या भाड्याच्या खोलीत अलेक्सेय रेकेयेव्ह नावाच्या एका चुवाश मुलाला ठेवून घेतले आणि स्वतःच्या खर्चाने शिकवायला सुरुवात केली. एक खोली, स्वतःच शिकत असलेला एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, एवढीच ती शाळा होती. पुढे आणखी मुले आली. १८७० साली याकोव्लेव्ह कझान विद्यापीठात गेले तेव्हा शाळेवर लक्ष ठेवण्याचे काम इल्या उल्यानोव्ह यांनी अंगावर घेतले. शिक्षण संपवून १८७५ साली याकोव्लेव्ह चुवाश शाळांचे निरीक्षक म्हणून परतले आणि १८९० साली या शाळेला चुवाश शिक्षक शाळेचा दर्जा मिळाला. मुलींचा विभाग १८७८ पासून होता आणि तो उभा करणाऱ्या येकातेरिना बोब्रोव्निकोवा या याकोव्लेव्ह यांच्या पत्नी. त्या इल्मिन्स्कींच्या घरी लेकीसारख्या वाढलेल्या होत्या. कझानची ती कबर आणि सिम्बिर्स्कचे हे घर असे नात्यानेही बांधलेले आहेत.

संग्रहालयाच्या बाईंनी आम्हाला सगळ्या खोल्या सावकाश दाखवल्या. मुले येथे सुतारकाम शिकत, शेतीचे प्रात्यक्षिक करत, वाद्यवृंदात वाजवत आणि समूहात गात. खेड्यात एकटा पडणारा शिक्षक हाताने काम करणारा असला पाहिजे, त्याने गावाला सुधारलेला नांगरही दाखवावा आणि गाणेही बसवावे, ही याकोव्लेव्ह यांची धारणा होती. चुवाश संगीताचा पाया घालणारे फ्योदोर पाव्लोव्ह याच शाळेत शिकले. कवी कॉन्स्तान्तिन इव्हानोव्ह येथलाच विद्यार्थी. १९०७ सालच्या विद्यार्थी असंतोषात त्याला शाळेतून काढले गेले. नंतर शाळेच्याच भाषांतराच्या कामावर असताना त्याने 'नार्स्पी' हे प्रेमकाव्य लिहिले आणि १९०८ साली, अठराव्या वर्षी, ते छापले गेले. आज चुवाश मुलांना ते पाठ असते. पंचविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला.

एका काचेखाली जुने अक्षरांचे पुस्तक होते. तेथे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. १८७१ च्या सुमारास, कझान विद्यापीठात शिकत असतानाच, याकोव्लेव्ह यांनी चुवाश भाषेसाठी रशियन लिपीवर आधारलेली वर्णमाला तयार केली आणि १८७२ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. आरंभीच्या वर्णमालेत अक्षरे फार झाली होती, मग पोरांना शिकवून पाहता पाहता ती कमी केली गेली. आज चुवाश लिपीत रशियनपेक्षा चार अक्षरे वेगळी आहेत. त्यांतले एक म्हणजे रशियन 'अ'च्या डोक्यावर छोटी वाटी ठेवल्यासारखे चिन्ह. बाईंनी ते उच्चारून दाखवले आणि मी चमकलो. रशियन 'अ' आपल्या 'आ'सारखा उघडा आहे. हा आखूड, तोंडात न फुललेला स्वर मात्र आपल्या 'घर', 'मन' यांतल्या 'अ'च्या अगदी जवळचा होता. रशियन कान असलेल्या माणसाला तो वेगळा ऐकूच आला नसता. तो ऐकू यायला, आणि ऐकल्यावर त्याला स्वतंत्र घर द्यावे असे वाटायला, त्या भाषेत वाढलेला माणूस लागला. मी बाईंना आपला 'अ' वहीत काढून दाखवला, त्यांनी तो बोटाने गिरवला आणि दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी लिहून ठेवली.

आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या शाळेत निकिफोर ओखोत्निकोव्ह नावाचा एक चुवाश शिक्षक गणित शिकवत असे. त्याला विद्यापीठात जायचे होते, पण त्यासाठी जिम्नॅशियमची परीक्षा आणि तीत ग्रीक व लॅटिन आवश्यक होते. याकोव्लेव्ह यांनी आपल्या दिवंगत स्नेह्याच्या, इल्या उल्यानोव्ह यांच्या, मुलाला विचारले, आणि जिम्नॅशियमच्या शेवटच्या वर्गांत असलेल्या त्या मुलाने सुमारे दीड वर्ष विनामूल्य शिकवून ओखोत्निकोव्हला परीक्षेस बसवले. तो मुलगा म्हणजे पुढचा लेनिन. एप्रिल १९१८ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, याकोव्लेव्ह यांचे काय होणार हे कळेना तेव्हा लेनिनने सिम्बिर्स्कला तार करून पन्नास वर्षे चुवाशांसाठी झटलेल्या या निरीक्षकाची चौकशी केली होती. याकोव्लेव्ह १९१९ पर्यंत शाळेचे प्रमुख होते आणि १९३० साली मॉस्कोत वारले.

झारशाहीत त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. काही अधिकाऱ्यांना ते फुटीर वाटत, कारण मेलेल्यातच जमा असलेल्या भाषेला ते जगवत होते. काही तरुण चुवाशांना ते फार सरकारधार्जिणे आणि चर्चधार्जिणे वाटत. ते स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि बायबलच्या चुवाश भाषांतरात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घातला. १९२१ साली त्यांनी चुवाश जनतेसाठी लिहून ठेवलेल्या मनोगतात रशियन जनतेशी स्नेहाने राहा असे सांगितले आहे आणि त्याच श्वासात आपल्या लोकांवर प्रेम करा, आपल्या भाषेपासून दुरावू नका असेही सांगितले आहे. त्या काळात त्यांना दुसरा मार्ग खुला होता असे मला वाटत नाही. सरकारी नियमाने जेवढी फट उघडी ठेवली होती, तेवढ्या फटीतून त्यांनी सुमारे हजार शिक्षक खेड्यांत पाठवले.

सहावा दिवस, शुक्रवार, २४ एप्रिल : उल्यानोव्स्क ते चेबोक्सारी

दिवस बहुतेक प्रवासातच गेला. ओक आणि बर्च यांची राने, सपाट माळ, मधून पाऊस. चुवाशियाची म्हणजे चुवाश प्रजासत्ताकाची हद्द लागल्यावर गावांच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या, आणि माझे डोळे आपोआप ती चार अक्षरे शोधू लागले. याच रस्त्यांनी शिकून झालेली सतरा-अठरा वर्षांची मुले पेटी डोक्यावर घेऊन आपल्या गावी परतत असतील, आणि गावात त्यांना 'मास्तर' म्हणणारी पहिली माणसे त्यांचेच काका-मामा असतील, असे चित्र डोळ्यांपुढे येत राहिले.

सातवा दिवस, शनिवार, २५ एप्रिल : चेबोक्सारी

आज याकोव्लेव्ह यांचा जन्मदिवस आणि म्हणून चुवाश भाषा दिन. शहराचे चुवाश नाव 'शुपाश्कार'. जुन्या शहराचा सखल भाग १९८० च्या आसपास धरणाच्या पाण्याखाली गेला, त्यामुळे आजचे शहर टेकड्यांवर, खाडीसारख्या पाण्याभोवती वसलेले आहे. राष्ट्रीय ग्रंथालयासमोर याकोव्लेव्ह यांचा पुतळा आहे. सकाळपासून लोक फुले ठेवत होते आणि भरतकामाचे पांढरे पोशाख घातलेली शाळकरी मुले रांगेने उभी होती. येथील अध्यापन विद्यापीठालाही याकोव्लेव्ह यांचेच नाव आहे.

या दिवसाच्या निमित्ताने चुवाश श्रुतलेखनाचा कार्यक्रम होतो आणि त्यात लहानांबरोबर मोठी माणसेही बसतात. एका प्राथमिक शिक्षिकेशी भाचीच्या मदतीने बोलता आले. त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी खेड्यातल्या शाळेत सगळे विषय चुवाशमधून सुरू होत. आता शहरात चुवाश हा आठवड्यातल्या थोड्या तासांचा विषय आहे. २०१८ च्या कायद्यानुसार रशियातील अशा प्रजासत्ताकांच्या भाषा शिकणे ऐच्छिक झाले असून त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. "संमतीचा कागद मी स्वतः घरोघरी नेते," त्या म्हणाल्या, "आई-वडील विचारतात की याचा परीक्षेला उपयोग काय. मग मी त्यांना आजीशी बोलायला सांगते." मी त्यांना धडगावच्या त्या वर्गाबद्दल सांगितले. त्यांनी विचारले, "मग त्या मुलांच्या भाषेतला शिक्षक तुम्ही का घडवला नाही?" आमच्याकडे पुढे पावरा समाजातली मुले-मुली छात्राध्यापक म्हणून येऊ लागली, एवढे मी सांगू शकलो. पण त्यांचे प्रशिक्षण आम्ही शेवटपर्यंत मराठीतच केले, पावरी मुलांसमोर पावरीतून सराव पाठ एकदाही घेतला नाही, हेही मला सांगावे लागले.

दुपारी कझानची बस होती. वाटेत खायला काही घ्यावे म्हणून स्थानकाजवळच्या दुकानात शिरलो. भाकरीच्या म्हणजे काळ्या पावाच्या फळीवर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी लावलेली होती आणि पाच अक्षरांच्या त्या शब्दात वाटी घेतलेला 'अ' दोनदा आला होता. भाचीने तो रशियन पद्धतीने 'साकार' असा वाचला. गल्ल्यावरच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवून हळू, सुटे करून म्हणून दाखवला. मी वही काढून ऐकला तसा देवनागरीत लिहिला : शगर. मग तो मोठ्याने वाचला. बाईंनी वही स्वतःकडे ओढून त्या अनोळखी अक्षरांकडे पाहिले, शब्दाखाली बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावले, आणि मागच्या खोलीतल्या कोणाला तरी ते ऐकायला बाहेर बोलावले.